हाकेला ओ कोणी दिली

वाडीला अमरावती रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी झाडलोट करते. माझी लेक त्याच ऑफिसात खालच्या खिडकीत बसून बिल्ट्या बनवायची. आता बनवत नाही. ते कसं झालं ते लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि कॉम्प्युटर मी फक्त फडक्यानं पुसला आहे. तरी काय झालं ते मला नीट समजलं. समजून काही फायदा झाला नाही.

माल कोणाचा, कुठून निघाला, कुठं जाणार, नग किती, हे लिहिलेला कागद म्हणजे बिल्टी. तिच्यावर नंबर असतो. बिल्टीशिवाय ट्रक आवाराबाहेर जात नाही. माझी लेक संसार सोडून माझ्याकडे परत आली तेव्हा मीच तिला या खिडकीत चिकटवून दिलं. जावई चांगला निघाला नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती या कामाला लागली तेव्हा तिची मशीन नवी होती. दोघी तिथंच जुन्या झाल्या. बिल्टीचा प्रोग्राम जुना होता, तो नव्या मशीनवर चालत नव्हता. म्हणून जुनी मशीन ठेवली होती, आणि जुनी मशीन होती म्हणून माझी लेक होती. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आम्ही ते तोंडानं बोलत नव्हतो.

खाली दोनच जुन्या मशीनी. एक लेकीची, दुसरी वजनकाट्यावरच्या माणसाची. वर एसीत सगळ्या नव्या. तिथं मॅनेजर बसतो, त्याच्या हाताखालची पोरं बसतात आणि मालकाचा मुलगा बसतो, त्याला सगळे छोटे सेठ म्हणतात. थोरले सेठ आता काम पाहत नाहीत. सकाळी येतात, खाली जिन्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि जेवायच्या वेळी घरी जातात.

खाली लिहिलेलं आणि वर लिहिलेलं सगळं एका मोठ्या मशीनमध्ये जाऊन पडतं. कॉम्प्युटरला नाव द्यावं लागतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या मोठ्या मशीनचं नाव थोरल्या सेठनं ठेवलं होतं, ‘मालक’. त्यावरून खाली कायम मस्करी चालायची. कधी वायर सैल झाली की लेकीच्या पडद्यावर मालक सापडत नाही असं यायचं, आणि ती मोठ्यानं सांगायची, “मालक सापडून नाही राहिला.” मग काट्यावरचा म्हणायचा, “पानठेल्यावर पाहा नं, ताई.” थोरले सेठही पेपराआडून हसायचे.

पोळ्याच्या सुमारास ती मोठी मशीन बदलली. नवी वर बसवली. जुनी जिन्याखालच्या खोलीत जिथं होती तिथंच बंद करून ठेवलं. कॉम्प्युटरचं काम पाहणारा माणूस स्कूटरवर येतो, पोट सुटलेला, बोलायला बरा. मी त्याला चहा देत होते तेव्हा तो मॅनेजरला सांगत होता, “खालच्या मशीनी म्हाताऱ्या आहेत साहेब. त्याईले नवं नाव शिकवत बसण्यापेक्षा नव्यालेच जुनं नाव देऊन टाकतो. आजोबाचं नाव नातवाले देतात तसं.”

नव्याचं नावही ‘मालक’ झालं. खाली कोणाला काही बदलावं लागलं नाही. काम सुरळीत चाललं.

मग दसरा आला.

दसऱ्याला आम्ही दोघी कामावर नसतो. दीक्षाभूमीवर जातो. छप्पन साली मी आईच्या कडेवर होते असं आई सांगायची. मला त्यातलं काही आठवत नाही, आणि माझ्या वयाचे जे आठवतं म्हणतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण मी दरवर्षी जाते. पाय दुखतात, गर्दीत धक्के बसतात, रस्त्यावर कोणीतरी पुरीभाजी वाढत असतं, ती खाते, आणि घरी येते. ऑफिसात आमची ती रजा ठरलेली आहे. त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही. आडनाव ऐकलं की लोकांना पुढचं कळतं, विचारावं लागत नाही.

त्याच दिवशी सकाळी ऑफिसात पूजा असते. ट्रक धुतात, हार घालतात, काट्याला हळद-कुंकू लावतात, मशीनींना झेंडू वाहतात. दुसऱ्या दिवशी मी सुकलेली फुलं झाडून काढते, त्यावरून कशाकशाची पूजा झाली ते मला कळतं. जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली थोरल्या सेठकडे. ती खोली मी वर्षातून एकदा झाडते, दिवाळीच्या आधी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं मशीन चालू केली आणि तिथंच थांबली.

“भाऊ,” ती काट्यावरच्याला म्हणाली, “नंबर मागं कसा गेला?”

“किती मागं?”

“पोळ्याच्या वेळचा दिसते.”

ती वर जाऊन मॅनेजरला सांगून आली. मी तेव्हा वरच्या फरशीवर पोचा लावत होते, म्हणून मी ऐकलं. मॅनेजरनं मान वर केली नाही. म्हणाला, “मशीन म्हातारी झाली मॅडम, सुटीत विसरली असन. वरचा शेवटचा नंबर देतो, त्याच्या पुढचा हातानं टाका आणि चालू द्या.”

तिनं हातानं नंबर टाकला आणि चालू दिलं. प्रिंटर नेहमीसारखा किरकिरत होता. बिल्ट्या निघत होत्या, ट्रक जात होते. तिच्या पडद्यावर तिच्या बिल्ट्या ओळीनं दिसत होत्या.

वर मात्र त्यातली एकही दिसत नव्हती.

हे पहिल्यांदा मॅनेजरनं खाली येऊन सांगितलं तेव्हा तिला ती मस्करी वाटली. तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. “हे पाहा साहेब. सगळ्या आहेत.”

“तुमच्याकडे असतीन. मालकात नाही पोचल्या.”

“मालकातूनच दिसून राहिल्या मले.”

“मग मले काहून दिसत नाही? माझी मशीन तुमच्यापेक्षा नवी आहे.”

तिनं पडदा पुन्हा आपल्याकडे वळवून घेतला. नवी मशीन खोटं बोलते असं कोण म्हणणार?

त्यानंतर रोज तेच. ती सांगायची टाकल्या, वरून निरोप यायचा टाकल्या नाहीत. मॅनेजर आधी हसून बोलायचा, मग हसणं बंद केलं. “मॅडम, घरी काही टेन्शन आहे का,” असं चार ड्रायव्हरांसमोर विचारलं. वरची पोरं मोठ्या पार्ट्यांच्या बिल्ट्या वरच बनवायची, आणि तेच नंबर खाली माझी लेक हातानं टाकत होती. एकाच नंबरच्या दोन बिल्ट्या निघू लागल्या. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

कॉम्प्युटरवाला आला. वर बसला, नवी मशीन उघडली, सगळं बरोबर आहे म्हणाला. मग खाली येऊन लेकीच्या मशीनची वायर बदलली, ती बंद करून चालू केली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “ताई, हे फेकायच्या लायकीचं झालं आता.” हे त्यानं छोट्या सेठनं ऐकावं अशा आवाजात सांगितलं. नवी मशीन विकली तर त्याचा धंदा होतो. मी त्याला दोष देत नाही.

संध्याकाळी घरी लेक भाकरी थापत होती आणि मी लसूण सोलत होते. ती मध्येच थांबली.

“माय, मी टाकल्या नं वं बिल्ट्या?”

“मले काय विचारतं? तूच टाकल्या.”

“मले दिसते. पण मले दिसते म्हणून काय झालं. त्याईले नाही दिसत.”

“त्याईचे डोळे फुटले असतीन.”

“सगळ्यांचेच?” ती म्हणाली. “एकटीच मी बरोबर आणि वरचे सगळे चूक, असं असते का कुठं? मले आता माह्यावरच भरवसा नाही राहिला.”

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नवऱ्याच्या घरूनही ती असंच बोलत परत आली होती, की चूक माझीच असेल. तेव्हा मी तिला रागावले होते. या वेळी मी लसूण सोलत राहिले. कारण मलाही खात्री नव्हती. ती थकते, चष्म्याचा नंबर वाढलेला आहे. होऊ शकतं, असं मला वाटलं होतं.

मग संत्र्यांचं झालं. नरखेडकडच्या एका बागवाल्याच्या पेट्या भरलेला ट्रक आवारात उभा होता. लेकीनं बिल्टी दिलेली. गेटवरच्या माणसानं वर विचारलं, तर वरच्या पोरांनी सांगितलं की या नंबरचा माल केव्हाच गेला, ती भिवापूरची मिरची होती. ट्रक थांबवला. ड्रायव्हरनं बिल्टी दाखवली, मॅनेजर म्हणाला ही चुकीची आहे. यात ऊन चढलं, दुसरा दिवस उजाडला. मी झाडताना पेट्यांखालून रस गळत होता आणि माशा बसत होत्या. बागवाला स्वतः मोटारसायकलवर आला. तो ओरडला नाही. एक पेटी उघडली, हात घालून मऊ पडलेलं संत्रं काढलं आणि लेकीच्या खिडकीत तिच्यासमोर ठेवलं. “ताई, हे तूच खा,” म्हणाला आणि वर गेला.

छोट्या सेठनं तिला वर बोलावलं. मी खालीच राहिले. परत आली तेव्हा तिनं सांगितलं ते एवढंच, की कॉम्प्युटरवाल्याला पुन्हा बोलावलं आहे, आणि तिच्या मशीनमध्ये दोष निघाला नाही तर दोष तिचा. नंबर हातानं टाकायला कोणी सांगितलं असं सेठनं विचारलं, तेव्हा मॅनेजर खिडकीबाहेर पाहत होता.

“तू सांगितलं नाही का त्याचं नाव?” मी विचारलं.

“सांगितलं. तो म्हणे, मी कशाले सांगीन.”

कॉम्प्युटरवाला दुसऱ्या दिवशी आला. या वेळी तो आधी खाली बसला. कदाचित संत्र्यांचं ऐकून त्याला भीती वाटली असेल. लेकीच्या खुर्चीत बसून त्यानं काळ्या पडद्यावर मालकाचं नाव लिहिलं. खाली एक आकडा आला. तो त्यानं तळहातावर पेननं उतरवला आणि वर गेला. वरच्या मशीनवरही तेच नाव लिहिलं. तिथं दुसराच आकडा आला. तो जिन्यातच उभा राहिला आणि हाताकडे पाहत म्हणाला, “नाव एक अन् घरं दोन.”

मी जिना पुसत होते. मी म्हटलं, “म्हणजे काय गा?”

त्याला कोणाला तरी सांगायचंच होतं. तो पायरीवर बसला. म्हणाला, “मावशी, जुनी मशीन कशी आहे, वस्तीतल्या बाईसारखी. कोणी पाहिजे असलं की गल्लीत उभी राहून हाक मारते, अमका कुठं आहे गा? ज्यानं पहिले ओ देली, तो तिच्यासाठी अमका. नवी मशीन तसं नाही करत. ते फ्लॅटवाल्यासारखी, हाक नाही मारत अन् कोणाच्या हाकेले ओ भी नाही देत. ते गेटवरच्या चौकीदाराले विचारते, तो सांगते अमक्या नंबरच्या घरात जा. जुनीच्या हाकेले कोणीच ओ नाही देली, तं मग तेही चौकीदारालेच विचारते.”

“मग लेकीच्या हाकेले ओ कोण देऊन राहिलं?”

“तेच तं पाहाचं आहे,” तो म्हणाला. “तुमच्या इथं अजून एक मालक जिवंत आहे.”

भिंतीवर एक डबा आहे, त्यात सगळ्या वायरी येतात. तो एकेक वायर काढायचा आणि लेकीला विचारायचा, “आता?” ती सांगायची, “आहे.” पुन्हा एक वायर. “आता?” “आहे.” एका वायरीला ती म्हणाली, “गेला.” त्यानं ती वायर हातात धरली आणि भिंतीच्या कडेनं चालत गेला. वायर जिन्याखालच्या खोलीत शिरत होती.

थोरले सेठ खुर्चीत बसलेलेच होते. किल्ली मागितल्यावर त्यांनी विचारलं कशाला. तो म्हणाला आतली मशीन चालू आहे का ते पाहायचं आहे.

“चालूच आहे,” थोरले सेठ म्हणाले. “दसऱ्याले चालू केली नं मी.”

“काहून केली, सेठजी?”

“बंद मशीनची पूजा करतात का?” सेठना त्याचंच नवल वाटलं. “तिनं एवढी वर्षं कमावून दिलं. मुर्द्यासारखी पडलेली, तिले काय फूल वाहणार? जशी होती तशी वायरी लावून घेतली, बत्ती लागली, मग पूजा केली.”

“मग नंतर बंद काहून नाही केली?”

“पूजेले लावलेली वस्तू हलवत नाही. दिवाळीत पुन्हा पूजा झाली की करणार होतो.”

कुलूप उघडलं. लाल कपडा घातलेली मशीन, वर वाळलेला झेंडू आणि आपट्याची पानं. पडदा नव्हताच तिला. कपड्याखालून गरम हवा येत होती. बाहेर ट्रकांची घरघर चालू, म्हणून तिचा आवाज कोणाला आला नव्हता. कॉम्प्युटरवाला वाकून म्हणाला, “मालक, तुम्ही इथं बसले होते का?” कोणी हसलं नाही.

मग त्यानं पडदा आणून लावला. माझ्या लेकीच्या सगळ्या बिल्ट्या त्यात होत्या. दसऱ्यानंतरची एकही कमी नव्हती, आणि त्याआधीची शेवटची पोळ्याच्या वेळची होती. ती खिडकीतून हाक मारत होती आणि ही कपड्याखालून ओ देत होती. नव्यानं कधी ओ दिलीच नाही, त्यामुळे भांडण झालं नाही, की कोणाला कळलं नाही.

काट्यावरच्यानं तेव्हा तोंड उघडलं. “ताईच्या बिल्ट्या मले रोज दिसत होत्या माह्या मशीनवर,” तो म्हणाला.

लेक त्याच्याकडे पाहत राहिली. “मग भाऊ, बोलले काहून नाही?”

“मले कोणी विचारलं कुठं?”

त्याची मशीनही जुनी. तीही जिन्याखालीच हाक मारत होती, पण त्याच्या वजनाच्या चिठ्ठ्या कागदावर वर जायच्या, म्हणून त्याचं काही अडलं नाही. तो रोज लेकीच्या शेजारी बसून डबा खायचा, तिच्या डब्यातली भाजी घ्यायचा, आणि वरून तिला खोटारडी म्हणत असताना रोज तिच्या बिल्ट्या पाहत होता. वाईट माणूस नाही तो. आपल्या अंगाला काही लागू नये, एवढंच त्याला हवं होतं. अशी माणसं फार असतात.

मला वाटलं होतं, आता संपलं. चूक तिची नाही हे सगळ्यांसमोर निघालं. कॉम्प्युटरवाल्यानं जुन्या मशीनची वायर उपटली, लेकीच्या बिल्ट्या वर नेऊन दिल्या. लेक घरी येताना माझ्यापुढे चालत होती, एरवी ती मागं रेंगाळते. तिनं रस्त्यात समोसे घेतले.

दोनेक दिवसांनी छोटे सेठ स्वतः खाली आले. चांगलं बोलले. असं बोलणं मला नेहमीच जड जातं, कारण त्यानंतर काय येतं ते मी पाहिलेलं आहे.

“देखो, तुमची गलती नव्हती,” ते लेकीला म्हणाले. “मशीनचा लफडा होता. जुन्या मशीनचा. आज हा निघाला, उद्या दुसरा निघणार. पार्टी तुटली ना आपली, संत्रेवाली. तर मी ठरवलं की जुनी मशीनच नको. सगळी बिल्टी वर बनणार, नया प्रोग्राम.”

लेक म्हणाली, “मी शिकून घेईन सेठ, नवा प्रोग्राम.”

“वर पोरं आहेत ना.”

“मग मी?”

त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, “या महिन्यापर्यंत या, मॅडम.”

मी फडकं पिळत होते. मी म्हटलं, “चूक नाही म्हणता आणि काढता काहून?”

छोटे सेठ मला म्हणाले, “मावशी, तुम्हाला कोणी काढत नाही. तुम्ही राहा.”

मी राहिले. दोघींनी घरी बसून चालणार नव्हतं. तिथून ताठ मानेनं निघून यायला पाहिजे होतं असं नंतर शेजारणीनं मला सांगितलं. तिचा मुलगा सरकारी नोकरीत आहे.

लेक महिना संपेपर्यंत आली. शेवटच्या दिवशी तिनं मशीन बंद केली, झाकण घातलं, खुर्चीवरची गादी काखेत मारली, ती घरूनच आणलेली होती. काट्यावरचा म्हणाला, “ताई, येत जा.” ती हो म्हणाली. तिची मशीन दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेली. काट्यावर नवी आली. तो माणूस मात्र जुनाच राहिला, कारण पोती वजनाला लावायला माणूस लागतो.

बऱ्याच ठिकाणी ती विचारून आली. सगळीकडे विचारतात, नवा प्रोग्राम येतो का. एका गोदामात पत्ता लिहून घेतला, आडनाव पाहिलं आणि कळवतो म्हणाले. आडनावामुळे की वयामुळे, ते सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी काय करायचं? आता ती घरी असते. भाजी आणते, माझे पाय चेपते, टीव्ही लावते आणि पाहत नाही. मीठ टाकलं तरी विचारते, “माय, मी मीठ टाकलं नं?” मी सांगते टाकलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारते. बिल्ट्या त्या मशीनमध्ये निघाल्या तेव्हा हे थांबेल असं मला वाटलं होतं. काही दिवस थांबलं होतं.

दिवाळीच्या आधी मी जिन्याखालची खोली झाडली. ती जुनी मशीन तिथंच आहे. भंगारात दिली नाही. थोरल्या सेठनं देऊ दिली नाही, फक्त वायर काढलेली आहे. दिवाळीला तिची पूजा झाली, बंदच असताना. दुसऱ्या दिवशी झेंडू मीच उचलला.

खालची खिडकी अजून उघडी असते, हवेसाठी. लांबून आलेल्या ड्रायव्हरांना काही माहीत नसतं. ते खिडकीशी येऊन हाक मारतात, “ओ ताई, बिल्टी.” आत रिकामी जागा, मी झाडत असते. आधी मी उत्तर देत नव्हते. पण ते हाका मारत राहतात, वरून मॅनेजर ओरडतो. म्हणून आता मीच ओ देते. ते कागद पुढं करतात, माझ्या हातातला झाडू पाहतात, आणि मी त्यांना वर जा म्हणून सांगते.